स्लॅब भरायच्या आत ठरवायचंय : टीव्ही, फोन आणि नेटचे पाइप कसे टाकू?

चोपडेकर | सोमवार, रात्री ९.४०

राम राम मंडळी.

चोपड्याजवळ आमच्या गावात घर बांधतोय. खाली हॉल, स्वयंपाकघर, आई-वडिलांची खोली. वर दोन खोल्या आणि गच्ची. खालच्या स्लॅबचं सेंट्रिंग झालंय, सळई बांधणं चालू आहे आणि येत्या रविवारी भराई आहे. लाइट-पंख्याचे पाइप वायरमनने आखून ठेवले. काल त्याला विचारलं, टीव्ही आणि नेटचं काय? तर म्हणाला, "भाऊ, ते नंतर भिंतीवरून पट्टी मारून करू."

मला ते पटत नाही. जुन्या घरात खिडकीच्या चौकटीला भोक पाडून डिशची वायर आत आणली होती. दर पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी यायचं, भिंत फुगायची. एकदा खारीने वायर कुरतडली आणि ऐन दिवाळीत टीव्ही बंद. नव्या घरात तेच नको.

गरज अशी आहे. वडिलांना लँडलाइन हवाच. त्यांचा नंबर तीस वर्षांपासून तोच आहे, अडतीवाले आणि पाहुणेरावळे त्याच नंबरवर फोन करतात, आणि मोबाइलवर त्यांना नीट ऐकू येत नाही. टीव्ही दोन, एक हॉलमध्ये आणि एक त्यांच्या खोलीत. मी वरच्या खोलीत बसून पुण्याच्या ऑफिसचं काम करतो, दिवसभर व्हिडिओवर मीटिंगा असतात. पुढेमागे दोन-तीन कॅमेरेही लावायचे आहेत. सिमेंट आणि सळईतच बजेट बरंचसं गेलंय, त्यामुळे जे आत्ताच करायला हवं तेवढंच करायचंय. नंतर चालेल ते नंतर. काय आत्ता आणि काय नंतर, एवढं सांगा.


भुसावळचा वायरमन | सोमवार, रात्री १०.५५

चोपडेकर भाऊ, चांगल्या वेळी विचारलंत. रविवारनंतर विचारलं असतं तर उत्तर महागात पडलं असतं.

बावीस वर्षं हे काम करतोय. माझं सांगणं आमच्या अहिराणीत एका ओळीत मावतं : आते पाइप टाकी द्या, वायरनं मंग दखू. पाइप स्वस्त, झिरी (भिंत कापून पाडलेली खाच) महाग. प्लास्टर आणि रंग झाल्यावर एक झिरी मारायची म्हणजे कटर, गवंडी, पुन्हा पुट्टी, पुन्हा रंग, शिवाय घरभर धूळ. त्या मजुरीत आज अख्ख्या घराचे पाइप होतील.

आधी घराच्या मधोमध एक जागा ठरवा, जिथे सगळे पाइप येऊन मिळतील. जिन्याच्या मधल्या लँडिंगची आतली भिंत बहुतेक घरांत बरी पडते. तिथे मोठा बॉक्स किंवा लाकडी कपाट, त्यात लाइटचे तीन-चार सॉकेट. त्या सॉकेटांना इन्व्हर्टरची लाइन द्या. वीज गेली की नेट गेलं, असं व्हायला नको, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल ते तुम्हाला सांगायला नको.

ही जागा पश्चिमेच्या भिंतीला, गच्चीच्या जिन्याच्या टोपीत किंवा पत्र्याखाली घेऊ नका. घरगुती राउटरच्या डब्यावर बहुतेक वेळा ० ते ४० अंश असं लिहिलेलं असतं. आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि पत्र्याखाली, बंद लोखंडी पेटीत किती होईल ते समजून घ्या. दुपारी नेट अडखळतं म्हणून लोक कंपनीला शिव्या घालतात आणि डबा मात्र तापून बसलेला असतो. कपाटाच्या दाराला वर-खाली जाळी ठेवा.

त्या मधल्या जागेपासून पाइप असे : एक गच्चीवर (डिश), एक रस्त्याकडच्या बाहेरच्या भिंतीला (फायबर), एक हॉलच्या टीव्हीला, एक आई-वडिलांच्या खोलीत, एक वर तुमच्या टेबलाला, एक वरच्या पॅसेजच्या छताला (वायफाय). कॅमेऱ्यांसाठी बाहेरच्या कोपऱ्यांना तीन. सगळे २५ मिलिमीटरचे. २० चा पाइप थोडा स्वस्त पडतो, पण कॅट-६ ची, म्हणजे नेटची, वायर सुमारे ६ मिलिमीटर जाड असते. २० मध्ये दोन जातात, तिसरी ओढताना हात सोलतो. २५ मध्ये तीन-चार आरामात.

बाहेर निघणाऱ्या पाइपांची तोंडं खाली वळवलेली हवीत. जुन्या घरात तुमचं पाणी यायचं ते यामुळेच, वायर बाहेर वरून खाली उतरून थेट आत शिरली की पाणी तिच्यावरून घसरत आत येतं.

आणि हे वायरमनला नक्की बजावा : लाइटच्या पाइपात ही वायर घालायची नाही, एकही नाही. इन्सुलेशन फाटलं तर २३० व्होल्ट थेट टीव्हीच्या मागे. समांतर जात असतील तर निदान एक फूट अंतर, ओलांडायचं असेल तर काटकोनात.


नंदुरबारहून | मंगळवार, सकाळी ७.२०

मी वेगळं सांगतो. आमच्या घरी एकही वायर नाही. वायफायवर टीव्ही चालतो, मोबाइल चालतात, लँडलाइन कधीच बंद केला. आता टीव्हीही नेटवरूनच बघतात लोक. गरिबाने पैसे पाइपात कशाला घालायचे? तेच पैसे चांगल्या फरशीला वापरा.


जळगावची मास्तरीण | मंगळवार, दुपारी १.१५

दादा, तुमचं घर एकमजली असेल तर तुमचं चालेल. आमचं चाललं नाही.

आम्ही घर घेतलं तेव्हा राउटर खाली हॉलमध्ये होता आणि मी वरच्या खोलीतून ऑनलाइन तास घ्यायचे. मध्ये सहा इंची स्लॅब, आत सळयांची जाळी. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल वर पोहोचायचा, पण शेजारच्या चार घरांचे वायफाय त्याच पट्ट्यावर. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतो, मात्र भिंत आणि स्लॅब ओलांडताना लवकर दमतो. दहावीची मुलं समोर बसलेली, मी फळ्यावर वर्तुळाची स्पर्शिका काढतेय, आणि पोरं लिहितात, "मॅडम, आवाज तुटतोय." दोन वर्षं मी जिन्यात खुर्ची टाकून शिकवलं.

शेवटी जिन्याच्या भिंतीवरून पट्टी मारून एक वायर वर नेली, वर दुसरा वायफायचा डबा लावला आणि सगळा त्रास थांबला. पट्टी अजून तिथेच आहे, रोज दिसते. चोपडेकर दादा, वरच्या पॅसेजच्या छतातला तो पाइप कितीही काटकसर केली तरी सोडू नका. दिवसभर मीटिंगा आहेत म्हणता, तर तुमच्या टेबलाला वायरच लावा.


नंदुरबारहून | मंगळवार, दुपारी २.०५

ताई, आमचं एकमजलीच आहे, हे खरं. पाइपापुरतं मान्य. पण वायर लागेल तेव्हाच घ्यावी, यावर मी ठाम आहे.


भुसावळचा वायरमन | मंगळवार, दुपारी २.३०

नंदुरबारच्या भाऊंचं वायरीबाबत बरोबर आहे. कॅमेरे आत्ता लावायचे नाहीत ना? मग तिथे फक्त पाइप, आत एक बारीक जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार किंवा नायलॉनची दोरी. उद्या तिलाच बांधून वायर ओढायची.


चोपडेकर | मंगळवार, रात्री ९.१०

सगळ्यांचे आभार. वायरमनला धागा दाखवला, तोही तयार झाला. आता दोन प्रश्न.

एक, लँडलाइनला वेगळा पाइप लागेल का? आमच्याकडे अजून जुनी तांब्याची लाइन आहे, पण गावात फायबर आलंय आणि सगळे तिकडे जातायत.

दुसरं, आज जळगावला दुकानात कॅट-६ चा भाव विचारला. एकाच दुकानात दोन बॉक्स, दोन्हींवर कॅट-६ लिहिलेलं, दोन्ही ३०५ मीटरचे. एकाचा भाव दुसऱ्याच्या जवळपास निम्मा. दुकानदार म्हणतो घरासाठी स्वस्तवाला भरपूर झाला. घेऊ का?


धुळ्याचा निवृत्त लाइनमन | बुधवार, सकाळी ६.३०

फोनबद्दल मी सांगतो. खांबावर चढण्यात उमर गेली.

जुन्या तांब्याच्या लाइनवर एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट डीसी येतो. म्हणून गावात वीज नसली तरी फोन चालायचा, एक्स्चेंजची बॅटरी तुमचा फोन चालवायची. घंटी वाजते तेव्हा ७५ ते ९० व्होल्ट एसी येतो. फायबर म्हणजे काचेचा धागा, त्यात उजेड येतो, वीज येत नाही. घरात जो डबा बसतो त्याला घरचीच वीज लागते, आणि फोनचं भोक त्या डब्यालाच असतं. म्हणजे वीज गेली की वडिलांचा फोन मुका. वर भुसावळच्या भाऊंनी इन्व्हर्टरचं सांगितलंय, ते नेटपेक्षा फोनसाठी जास्त महत्त्वाचं समजा. म्हाताऱ्या माणसांच्या घरात रात्री-अपरात्री फोन लागायलाच हवा. इन्व्हर्टर नसेल तर १२ व्होल्टचा छोटा बॅटरी-डबा मिळतो, डब्याच्या ॲडॅप्टरवरचा व्होल्ट-अँपिअर बघून जुळणारा घ्या.

वेगळी फोनची वायर टाकू नका, वेगळा पाइपही नको. वडिलांच्या खोलीत कॅट-६ च्या दोन वायरी न्या, एक नेट-टीव्हीला आणि एक फोनला. फोनची छोटी पिन नेटच्या (आरजे-४५) सॉकेटात बसते, आणि तिच्या मधल्या दोन पट्ट्या बरोबर ४ आणि ५ नंबरवर येतात. तिथे निळी जोडी असते. हे योगायोगाने नाही, तशीच रचना केलेली आहे. मधल्या कपाटात ती वायर फायबरच्या डब्यातल्या फोनच्या भोकाला जोडली की झालं. पुढे कधी फोन नको झाला तर तीच वायर नेटला कामी येते.

एकच धोका. दोन्ही सॉकेट दिसायला सारखे असतात. जुन्या तांब्याच्या लाइनवर असाल आणि ती चुकून राउटरच्या भोकात गेली, तर घंटीच्या व्होल्टेजने ते भोक जळू शकतं. फोनच्या सॉकेटवर लाल रंगाचा ठिपका द्या.

फायबरचा अर्ज करताना जुना नंबर तोच ठेवायचा आहे हे आधीच लेखी द्या. तीस वर्षांचा नंबर म्हणजे घराचा पत्ता असतो.


भुसावळचा वायरमन | बुधवार, दुपारी १२.४०

काकांनी फार मोलाचं सांगितलं. निळ्या जोडीचं मी करत आलो, कारण आज कळलं.

निम्म्या भावाच्या वायरीचं सांगतो. ती ॲल्युमिनियमची असणार, वरून तांब्याचा मुलामा. दुकानात सीसीए म्हणतात. ओळखायला सोपी : एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी दिसली तर ॲल्युमिनियम. बॉक्स उचलूनही कळतं, तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं.

ती घेऊ नका. दोनदा वाकवली की तुटते. सॉकेटात दाबून बसवताना तार अर्धवट तुटते आणि सहा महिन्यांनी कुठेतरी संपर्क सुटतो. आणि कॅमेऱ्याला त्याच वायरीतून वीज द्यायची असेल तर प्रतिकार जास्त, म्हणून वायर तापते आणि लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत पुरेसे व्होल्ट पोहोचत नाहीत. भिंतीतली वायर वीस वर्षं राहणार. इथे काटकसर नको.

काटकसर करायची तर दुसरीकडे आहे. शुद्ध तांब्याची कॅट-५ई, म्हणजे कॅट-६ च्या आधीची वायर, घेतली तरी १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट सहज चालतं. तुमच्या घरात सर्वात लांब वायर २० मीटर असेल. कॅट-६ आणि ५ई च्या भावात फार फरक नसेल तर ६ घ्या, नाहीतर खऱ्या तांब्याची ५ई ही खोट्या ६ पेक्षा कितीतरी बरी.

आणि ३०५ मीटरचा बॉक्स तुम्हाला लागत नाही. हिशेब करा : हॉलला दोन, वडिलांच्या खोलीत दोन, तुमच्या टेबलाला दोन, वरच्या छताला एक. सात वायरी, सरासरी १४ मीटर, म्हणजे १०० मीटर. गावात अजून कोणी बांधत असेल तर एक बॉक्स दोघांत घ्या.

टीव्हीच्या वायरीचं मात्र उलटं आहे, ते नीट समजून घ्या. डिशच्या वायरीच्या (आरजी-६) मधली तार बहुतेक वेळा पोलादी असते, वर तांब्याचा मुलामा. ती चालते. इतक्या वरच्या वारंवारितेचा सिग्नल तारेच्या फक्त पृष्ठभागावरून वाहतो आणि पृष्ठभाग तांब्याचाच आहे. त्याच वायरीतून डिशच्या तोंडाला, म्हणजे पुढच्या दांडीवरच्या छोट्या डब्याला, १३ किंवा १८ व्होल्ट जातात, त्याला पोलाद अडवतं, पण वीस-पंचवीस मीटरला काही होत नाही. तिथे महाग वायर घेण्याची गरज नाही. वायरीच्या आतली, तारेभोवतीची जाळी दाट आहे का तेवढं बघा.

दोन टीव्हींना दोन वेगळ्या वायरी थेट डिशपर्यंत. मध्ये टी-जोड नको. एक टीव्ही १३ व्होल्टचं चॅनल मागतो, दुसरा १८ चं, आणि एकाच वायरीत भांडण लागतं. डिशचं तोंड दोन आउटपुटचं घ्यायचं.


शिरपूरकर | बुधवार, सायंकाळी ६.००

टीव्हीच्या महिन्याच्या खर्चाचं कोणी बोललं नाही. आई-वडिलांच्या खोलीत डीडी फ्री डिश लावा. दूरदर्शनची ही सेवा २००४ पासून चालू आहे, महिन्याचा एक रुपयाही नाही, डिश आणि बॉक्सचा एकदाच खर्च. बातम्या, कीर्तन, जुने सिनेमे, सगळं येतं. आमच्या आबांना दुसरं काही लागत नाही.

तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे आपल्याकडून डिशचं तोंड आग्नेयेला, बरंच वर बघणारं. पैसे भरायच्या बहुतेक डिशचे उपग्रह वेगळ्या जागी असतात, म्हणून दोन्ही हवे असतील तर दोन डिश आणि गच्चीवरून दोन पाइप. गच्चीच्या आग्नेय कोपऱ्यासमोर टाकी बांधू नका आणि कडुलिंबाचं झाड किती वाढणार तेही बघा. आमच्याकडे टाकी आडवी आली, डिश दोनदा हलवावी लागली.


केळीबाग, रावेर | बुधवार, रात्री ९.२५

आकाशातून पडणाऱ्या विजेचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मे-जूनच्या वादळात आमच्याकडे केळी आडव्या होतात आणि विजाही तशाच पडतात.

घरापासून गोडाऊन ७० मीटरवर. कॅमेऱ्यासाठी कॅट-६ जमिनीतून नेली होती. एका पावसाळी रात्री मळ्यात वीज पडली. वायरीवर नव्हे, लांब. सकाळी नेटच्या वायरी जोडायचा डबा (स्विच), कॅमेऱ्याचा रेकॉर्डर आणि टीव्हीचं एक भोक, तिन्ही गेले. दोन इमारतींची अर्थिंग वेगळी असते, मध्ये तांब्याची वायर असली की झटका तिच्यातून धावतो. नंतर त्याच पाइपातून फायबर ओढली, दोन टोकांना फायबर तांब्याच्या वायरीशी जोडणारे दोन कन्व्हर्टर बसवले. काचेतून वीज जात नाही. तेव्हापासून काही जळलेलं नाही.

तुम्हाला गोठा किंवा गोडाऊन असेल तर तिकडे तांबं नेऊ नका. गच्चीवरच्या डिशच्या खांबाला घराच्या अर्थिंगशी जाड वायरीने जोडा. आणि काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते, साधा पाइप जोडातून निसटतो. जमिनीत काळा एचडीपीई (टणक प्लास्टिकचा) पाइप, अखंड, जोड न देता. घुशीही त्याला सहज तोंड घालत नाहीत.


भुसावळचा वायरमन | शुक्रवार, रात्री १०.१०

भराईच्या आधी शेवटचं.

स्लॅबमधला पाइप सळईच्या दोन थरांमध्ये, तारेने जागोजागी बांधलेला. जोडांना सोल्युशन लावलेलं हवं, नुसता खुपसलेला नको. व्हायब्रेटर लागला की तो सुटतो आणि आत सिमेंटचं पाणी जातं. एल्बो वापरू नका, लांब वळणाचा बेंड घ्या. दोन बॉक्सांमध्ये दोनच वळणं, तिसरं आलं तर मध्ये बॉक्स द्या. तोंडांना कागदाचा बोळा आणि वर चिकटपट्टी.

सळईवरून घमेली घेऊन माणसं चालतात, पाय पाइपावर पडतो. भराई चालू असताना तुम्ही किंवा घरातला कोणीतरी तिथे उभं राहा.

आणि मोजायची टेप लावून फोटो काढा, भिंतीपासून पाइप किती फुटांवर ते दिसेल असे. पुढे पंख्याचा हुक किंवा फॉल्स सिलिंग करताना ड्रिल कुठे मारायचं नाही ते कळतं.

हॉलच्या टीव्हीमागे दीड इंची पाइपाचा तुकडा, टीव्हीच्या उंचीवरून खाली कपाटापर्यंत. सेट-टॉप बॉक्सची जाड वायर त्याच्या पिनेसकट जायला हवी. हा प्लास्टरच्या वेळी केला तरी चालतो.


चोपडेकर | पुढचा मंगळवार, रात्री ८.५०

भराई झाली. रविवारी सकाळी सातपासून मी आणि धाकटा भाऊ आळीपाळीने वर उभे होतो. एकदा घमेल्यावाल्याचा पाय वरच्या पॅसेजच्या पाइपावर पडला आणि जोड उघडला, पण समोरच दिसला म्हणून लगेच सोल्युशन लावून पुन्हा बांधता आला.

स्लॅबमध्ये आठ पाइप गेले. शिरपूरकर भाऊंचं ऐकून गच्चीसाठी दोन ठेवले आणि टाकी नैऋत्येला हलवली. वडिलांना फ्री डिशचं सांगितलं, त्यांनी कीर्तनाची वेळ विचारली. गोठा वीस फुटांवर आहे, तिकडे एचडीपीईचा पाइप पाया भरतानाच टाकणार आहे, सध्या रिकामा.

आज तोंडं उघडून प्रत्येकातून तार सरकवली. सात आरपार गेले. रस्त्याकडचा अडला, बाहेरच्या तोंडापासून साधारण चार फुटांवर. सिमेंटचं पाणी गेलं असावं. स्लॅब ओला आहे तोवर काही करता येईल का?


भुसावळचा वायरमन | पुढचा मंगळवार, रात्री ९.३०

येईल, पण आजच करा. दोन दिवसांत ते दगड होईल. पाइपात पाणी सोडा, जाड पोलादी स्प्रिंग घालून पुढेमागे खेळवा, ठोकू नका. नुसता गाळ असेल तर निघेल. नाही निघालं तर स्लॅबला हात लावायचा नाही. चार फूटच आहे, बाहेरच्या भिंतीला प्लास्टर व्हायचंय, तेवढाच तुकडा भिंतीतून वळसा घालून न्या आणि मध्ये एक बॉक्स द्या. फायबरला तीक्ष्ण वळण चालत नाही, म्हणून तिथेही लांब बेंडच.


चोपडेकर | पुढचा बुधवार, सकाळी ८.१५

रात्री अकरापर्यंत लागलो होतो. स्प्रिंगने गाळ निघाला, तार आरपार गेली. आठही पाइपांत दोरी ओढून तोंडं बंद केली आणि प्रत्येकावर मार्करने नाव लिहिलं. तांब्याची वायर प्लास्टरनंतर घेणार. शेजारच्या गल्लीत एकाचं घर चालू आहे, बॉक्स अर्धा-अर्धा घ्यायचं ठरलंय.